दोन लोकशाह्या आणि एक राजदूत

नाशिकजवळच्या ओझर येथे रशियन आराखड्याच्या मिग लढाऊ विमानांचा कारखाना स्थापन झाला तो १९६४ साली. आणि अरबी समुद्राच्या काठी तारापूर येथे अमेरिकी कंपनीने उभारावयाच्या अणुवीजकेंद्राचा करार झाला तो त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १९६३ मध्ये. महाराष्ट्राच्या भूमीवरील या दोन प्रकल्पांत फारसे अंतर नाही. परंतु त्यांच्यामागे उभ्या असलेल्या दोन राजधान्या तेव्हा एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी होत्या. अणुवीज अमेरिकेच्या साह्याने आणि लढाऊ विमाने रशियाच्या, अशी ही विभागणी का झाली? अलिप्ततेच्या धोरणाची ती चतुराई होती असे काहीजण म्हणतात. अमेरिकेच्या अदूरदर्शीपणाचे ते फळ होते असे इतरांचे म्हणणे. दोन्हींत तथ्य आहे. पण ही विभागणी टळावी म्हणून ज्याने जिवाचे रान केले आणि ज्याला त्यात अपयश आले, तो माणूस ना दिल्लीचा होता ना मॉस्कोचा. तो अमेरिकेचा भारतातील राजदूत होता. त्याचे नाव चेस्टर बोल्स.

बोल्स दोनदा भारतात राजदूत म्हणून आले. पहिल्यांदा १९५१ ते १९५३ आणि दुसऱ्यांदा १९६३ ते १९६९. सारी मिळून सात वर्षांहून अधिक काळ त्यांनी दिल्लीत काढला. भारत-अमेरिका संबंधांच्या संदर्भात सामरिक भागीदारी हा शब्दप्रयोग २००४ नंतर सरकारी दस्तऐवजांत रुळला. त्याच्या अर्धशतक आधी, लोकसंख्येने सर्वांत मोठी लोकशाही आणि संपत्तीने सर्वांत मोठी लोकशाही यांचे हित मुळात एकच आहे, असे बोल्स सांगत होते. त्यांचे आयुष्य पाहिले तर ही भागीदारी इतकी उशिरा का आली आणि आल्यावरही तिला वारंवार तडे का जातात, याचा उलगडा होतो.

जाहिरातदार ते गव्हर्नर

चेस्टर बोल्स यांचा जन्म ५ एप्रिल १९०१ रोजी मॅसेच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे झाला. घराणे पत्रकारांचे. आजोबा सॅम्युअल बोल्स हे स्प्रिंगफील्ड रिपब्लिकन या नामांकित वृत्तपत्राचे संपादक होते आणि एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत त्यांच्या लेखणीला मान होता. नातू मात्र वृत्तपत्रात फार काळ रमला नाही. १९२४ मध्ये येल विद्यापीठाची पदवी घेतल्यावर तो न्यूयॉर्कला गेला आणि जाहिरातींचा मजकूर लिहू लागला. १९२९ साली विल्यम बेंटन या मित्राच्या भागीदारीत त्याने स्वतःची जाहिरातसंस्था काढली. त्याच वर्षी शेअरबाजार कोसळला आणि महामंदी आली. कारखाने बंद पडत असताना ही संस्था मात्र भरभराटीला आली, कारण नभोवाणी या नव्या माध्यमाचे सामर्थ्य तिने इतरांच्या आधी ओळखले होते. वयाच्या चाळिशीत बोल्स श्रीमंत झाले आणि त्या धंद्यातून बाहेर पडले.

जाहिरातीच्या धंद्याने त्यांना एक विश्वास दिला. माणसाला नीट समजावून सांगितले तर त्याला पटते, हा तो विश्वास. पुढच्या साऱ्या यशाचे मूळ त्यात आहे आणि साऱ्या अपयशाचेही.

त्यांची मते प्रथमपासून पक्की होती असे नव्हे. पर्ल हार्बरच्या हल्ल्यापूर्वी अमेरिकेने युरोपातील युद्धात पडू नये असे म्हणणाऱ्यांत तेही होते. युद्ध अंगावर आले तेव्हा त्यांनी नौदलात जाण्याचा प्रयत्न केला. कानाच्या दुखण्यामुळे त्यांना नाकारण्यात आले. मग कनेक्टिकट राज्यातील रेशनिंगची व्यवस्था त्यांच्याकडे आली, आणि १९४३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना साऱ्या देशाच्या भावनियंत्रण खात्याचे प्रमुख नेमले. साखर, मांस, पेट्रोल, पादत्राणे यांचे भाव आणि वाटप ठरविणारे हे खाते. उद्योगपती आणि व्यापारी त्यांच्या नावाने बोटे मोडीत. पण युद्धकाळात महागाई आटोक्यात ठेवण्याचे श्रेय या खात्याला द्यावे लागते. टंचाई म्हणजे काय आणि रांगेत उभ्या असलेल्या गृहिणीच्या मनात कोणते विचार येतात, हे भारतात येण्यापूर्वीच जाणणारा असा दुसरा अमेरिकी राजदूत क्वचितच सापडेल.

१९४९ मध्ये ते कनेक्टिकटचे गव्हर्नर झाले. राज्याच्या नॅशनल गार्ड या सैन्यदलातील काळ्या-गोऱ्यांची फारकत त्यांनी बंद केली, घरबांधणीचा आणि शाळांचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, आणि १९५० च्या निवडणुकीत पराभूत झाले. अध्यक्ष ट्रुमन त्यांना काही ना काही पद देऊ इच्छीत होते. बोल्स यांनी भारत मागितला. युरोपातील एखादी सुखाची राजधानी सोडून या माणसाला दिल्ली का हवी, याचे ट्रुमन यांनाही आश्चर्य वाटले. सिनेटमध्ये रॉबर्ट टाफ्ट यांच्यासारख्या रिपब्लिकन पुढाऱ्यांनी नेमणुकीला विरोध केला. तो विरोध ओलांडून ऑक्टोबर १९५१ मध्ये बोल्स भारतात आले.

दिल्लीतील पहिली कारकीर्द

त्या वेळी उभय देशांतील वातावरण निवळलेले नव्हते. त्याच वर्षी भारताने अमेरिकेकडे धान्य मागितले होते. अमेरिकेने १९ कोटी डॉलरच्या कर्जावर २० लाख टन धान्य देण्याचे ठरविले. पण ते ठरेपर्यंत फेब्रुवारीचा जून उजाडला. दरम्यान अमेरिकी काँग्रेसच्या सभागृहांत भारताच्या परराष्ट्रधोरणाचे, त्याच्या कोरियाविषयक भूमिकेचे आणि पंडित नेहरूंच्या स्वभावाचे जे धिंडवडे निघाले, ते भारतीय वृत्तपत्रांत सविस्तर छापून आले. गहू मिळाला, पण तो पचनी पडला नाही. लोकशाही राष्ट्रांच्या मैत्रीतील मूळ अडचण येथे दिसते. हुकूमशहा मदत देतो ती बंद खोलीत; लोकशाही राष्ट्र मदत देते ती भर सभेत, आणि त्या सभेत घेणाऱ्याची लाज काढणारा एखादा सभासद हटकून निघतो. घेणाराही लोकशाही राष्ट्र असेल तर तो अपमान तेथील संसदेत आणि चहाच्या दुकानांत चर्चिला जातो. म्हणून अशा दोन राष्ट्रांत केवळ सरकारांनी सरकारांशी बोलून भागत नाही. दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागते.

बोल्स यांना हे पहिल्या दिवसापासून कळले होते. त्यांनी राजदूताचा सरंजामी थाट टाकला आणि साध्या बंगल्यात राहणे पसंत केले. मुलांना परदेशी मंडळींच्या शाळेत न पाठविता दिल्लीतल्या भारतीय शाळेत घातले. त्यांची किशोरवयीन कन्या सिंथिया हिने त्या अनुभवावर पुढे एक पुस्तकच लिहिले. त्यांच्या पत्नी डोरोथी यांनीही दिल्लीच्या समाजजीवनात मोकळेपणाने मिसळण्याचा परिपाठ ठेवला. स्वतः बोल्स खेड्यापाड्यांतून हिंडत, महाविद्यालयांत भाषणे देत आणि विद्यार्थ्यांच्या अवघड प्रश्नांना सामोरे जात. अमेरिकेतील निग्रोंना मिळणाऱ्या वागणुकीविषयी ते प्रश्न हटकून असत. बोल्स यांनी ते टाळले नाहीत. आपल्या देशाचा दोष परक्या भूमीवर मान्य करणारा राजदूत भारतीय श्रोत्यांनी तोवर पाहिला नव्हता.

परंतु केवळ साधेपणावर त्यांची भिस्त नव्हती. ५ जानेवारी १९५२ रोजी उभय देशांत तांत्रिक साह्याचा करार झाला आणि पहिल्या वर्षासाठी ५ कोटी डॉलरची तरतूद झाली. उत्तर प्रदेशात इटावा येथे अल्बर्ट मेयर या अमेरिकी वास्तुविशारदाच्या मार्गदर्शनाखाली ग्रामविकासाचा एक प्रयोग १९४८ पासून चालू होता. बोल्स यांनी तो पाहिला आणि त्याचा देशभर विस्तार व्हावा म्हणून पाठपुरावा केला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, ५५ सामूहिक विकास प्रकल्पांना प्रारंभ झाला. प्रत्येक प्रकल्पात सुमारे ३०० गावे होती. ग्रामसेवक, गटविकास, पंचायत समितीचा पट्टा हे शब्द आज मराठी खेड्यात घरोघरी आहेत; त्यांच्या वंशावळीत हा प्रारंभ आहे. हिवताप निर्मूलनाच्या मोहिमेलाही अमेरिकी साह्य मिळाले. स्वातंत्र्याच्या सुमारास दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे त्याने दगावत, असा सरकारी अंदाज होता. १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या एक लाखावर आली. घराच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारून दारावर तारीख लिहून जाणारे कर्मचारी त्या पिढीच्या आठवणीत आहेत.

हे सर्व करण्यामागे दयाबुद्धी होती असे समजणे चूक ठरेल. बोल्स यांचा युक्तिवाद रोखठोक राजकीय होता. आशियात दोन मोठी राष्ट्रे दोन वेगळ्या मार्गांनी दारिद्र्याशी झगडत आहेत. चीनचा मार्ग सक्तीचा आहे, भारताचा मतपेटीचा. भारत अयशस्वी ठरला तर आशिया-आफ्रिकेतील नवी राष्ट्रे लोकशाहीकडे पाठ फिरवतील. तेव्हा भारताचे यश हीच अमेरिकेची सुरक्षितता आहे. त्यासाठी भारताने अमेरिकेच्या लष्करी गटात येण्याची गरज नाही. त्याने स्वतंत्र राहावे आणि उभे राहावे एवढे पुरे. या तर्काच्या आधारे त्यांनी दरवर्षी २५ कोटी डॉलरच्या साह्याची मागणी केली. वॉशिंग्टनने तिचा अल्प अंशच मान्य केला. नोव्हेंबर १९५२ मध्ये आयसेनहॉवर निवडून आले. बोल्स यांना दिल्लीत राहण्याची इच्छा होती, पण नव्या सरकारला ते नको होते. मार्च १९५३ मध्ये त्यांनी भारत सोडला.

वर्षभरात त्यांना वाटत होती ती गोष्ट घडली. १९५४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानशी लष्करी साह्याचा करार केला. साम्यवादाविरुद्ध म्हणून दिलेली शस्त्रे भारताविरुद्ध वापरली जातील, भारत तितकीच शस्त्रे अन्यत्र शोधील आणि रशियाला उपखंडाचे दार उघडे होईल, असा इशारा बोल्स यांनी जाहीरपणे दिला होता. पुढील अकरा वर्षांत त्यांचे तिन्ही अंदाज खरे ठरले. मात्र खरा ठरलेला इशारा देणाऱ्याबद्दल राजधान्यांना कृतज्ञता वाटत नाही. बहुधा त्याचा राग येतो.

वॉशिंग्टनमधील एकाकीपणा

१९६० च्या निवडणुकीत बोल्स हे केनेडी यांचे परराष्ट्रधोरणविषयक सल्लागार होते. केनेडी अध्यक्ष झाले आणि बोल्स परराष्ट्रखात्यात दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर गेले. जगभरच्या वकिलातींत जाणती माणसे पाठविण्याचे त्यांचे काम वाखाणले गेले. जपानला एडविन रायशॉर यांच्यासारखा त्या देशाचा अभ्यासक राजदूत म्हणून मिळाला. पण एप्रिल १९६१ मध्ये क्यूबावरील स्वारीचा बेत आखला गेला, तेव्हा बोल्स यांनी लेखी विरोध केला. स्वारी फसली. त्यांचा विरोध वृत्तपत्रांतून बाहेर आला आणि अध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. नोव्हेंबरात त्यांना त्या पदावरून हलविण्यात आले.

त्यांच्या बाजूने एवढेच सांगून थांबणे न्यायाचे होणार नाही. बोल्स यांची टिपणे लांबलचक असत. प्रश्न तातडीचा असला तरी ते त्याच्या मुळापर्यंत जात आणि उत्तर दहा वर्षांच्या पल्ल्याचे देत. केनेडींच्या भोवतीची मंडळी चटपटीत, निर्णयाची घाई असलेली. त्यांना हा गृहस्थ प्रवचनकार वाटे. समजावून सांगितले की पटते, या श्रद्धेने बोल्स लिहीत राहिले आणि वाचणारे कंटाळत गेले. ज्याला दिल्लीतील विद्यार्थ्यांची मने जिंकता आली, त्याला स्वतःच्या राजधानीतील मूठभर अधिकाऱ्यांची मने जिंकता आली नाहीत. राजदूताचे सामर्थ्य शेवटी तो ज्यांच्याकडे पाठविला गेला त्यांच्यावर अवलंबून नसते. ज्यांनी त्याला पाठविले त्यांच्यावर असते.

दोन मृत्यू आणि एक चुकलेला करार

जुलै १९६३ मध्ये बोल्स पुन्हा दिल्लीत आले तेव्हा देश बदललेला होता. १९६२ च्या चिनी आक्रमणात भारताचा दारुण पराभव झाला होता. सह्याद्री हिमालयाच्या साह्याला धावला, असे म्हणत महाराष्ट्राने यशवंतराव चव्हाण यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस पाठविले होते. युद्धकाळात अमेरिकेने तातडीने शस्त्रे धाडली होती आणि नेहरूंनी ती स्वीकारलीही होती. परंतु युद्ध थांबताच अमेरिका आणि ब्रिटन यांनी काश्मीरचा प्रश्न मिटविण्याचा आग्रह धरला. स्वर्णसिंग आणि भुट्टो यांच्या वाटाघाटींच्या सहा फेऱ्या झाल्या आणि त्या निष्फळ ठरल्या. अडचणीत सापडलेल्या मित्राकडून जुने दुखणे सोडवून घ्यावे, या हिशेबाने दोन्ही गोष्टी बिघडल्या. बोकारोच्या पोलाद कारखान्याचेही तसेच झाले. कारखाना सरकारी क्षेत्रात आहे म्हणून अमेरिकी प्रतिनिधिगृहाने मोडता घातला. ऑगस्ट १९६३ मध्ये भारताने आपली विनंती मागे घेतली आणि पुढे रशियाने तो कारखाना उभारला. तारापूरचा करार तेवढा त्याच महिन्यात पार पडला.

अशा परिस्थितीत बोल्स यांनी एका प्रस्तावावर सारा भर दिला. भारताला पाच वर्षांच्या लष्करी साह्याची निश्चित हमी द्यावी. त्याच्या बदल्यात भारताने संरक्षणखर्चाची मर्यादा पाळावी आणि रशियाकडून होणारी खरेदी आवरावी, असा त्याचा गाभा होता. नोव्हेंबर १९६३ मध्ये ते या कामासाठी वॉशिंग्टनला गेले. केनेडी अनुकूल दिसले. निर्णयाची बैठक २६ नोव्हेंबरला ठरली. २२ नोव्हेंबरला डॅलस येथे केनेडी यांची हत्या झाली.

बोल्स यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नवे अध्यक्ष जॉन्सन यांना पटविण्यात सहा महिने गेले. मे १९६४ मध्ये यशवंतराव चव्हाण चर्चेसाठी वॉशिंग्टनला पोचले. अध्यक्षांशी त्यांची भेट २८ मे रोजी व्हावयाची होती. २७ मे रोजी नेहरू गेले आणि चव्हाण तातडीने मायदेशी परतले. जूनमध्ये मर्यादित साह्याचे ठरले, पण भारताला हवी असलेली एफ-१०४ जातीची लढाऊ विमाने देण्यास अमेरिकेने नकार दिला. तीच विमाने पाकिस्तानला मात्र आधी मिळाली होती. ऑगस्टच्या अखेरीस चव्हाण मॉस्कोला गेले. मिग विमानांच्या उत्पादनाच्या कामाला वेग आला आणि ओझरच्या माळरानावर कारखान्याच्या इमारती उठू लागल्या.

चार दिवसांनी आणि एका दिवसाने चुकलेल्या या दोन भेटी झाल्या असत्या तर उपखंडाचा इतिहास वेगळा झाला असता काय? बोल्स यांना मनापासून तसे वाटे. पण इतिहास इतका नशिबावर चालत नाही. पाकिस्तानातील तळ सोडण्यास पेंटॅगॉन तयार नव्हते आणि भारताला एफ-१०४ देण्याची अमेरिकेची इच्छा नव्हती. दोन्ही गोष्टी केनेडी हयात असतानाही तशाच होत्या. मृत्यूंनी निर्णय लांबविले. नकार मात्र आधीच तयार होता.

गहू आणि मानभंग

सप्टेंबर १९६५ च्या युद्धात अमेरिकी रणगाडे भारतीय रणगाड्यांसमोर उभे ठाकले. अमेरिकेने दोन्ही देशांची लष्करी मदत बंद केली. त्याच सुमारास पावसाने दगा दिला. १९६४-६५ मध्ये ८ कोटी ९० लाख टनांच्या आसपास असलेले धान्योत्पादन पुढल्या वर्षी ७ कोटी २० लाख टनांवर घसरले. पुढचे वर्षही दुष्काळाचेच गेले. १९६६ मध्ये भारताने एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात केले. त्यातले बहुतांश पी.एल. ४८० या कायद्याखाली अमेरिकेतून आले. रेशनच्या दुकानांतला तो लाल गहू आणि मिलो अनेक घरांत आजही आठवला जातो.

हे धान्य येत होते त्याची रीत मात्र बोचरी होती. वर्षाचा करार करण्याऐवजी जॉन्सन यांनी महिन्या-महिन्याची मंजुरी देण्याची पद्धत सुरू केली. पुढचे जहाज सुटणार की नाही, हे दिल्लीतील अन्नमंत्र्यांना ऐनवेळी कळे. भारताने शेतीकडे लक्ष द्यावे हा या दट्ट्यामागील एक हेतू होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. अन्नमंत्री सी. सुब्रह्मण्यम यांनाही तेच करावयाचे होते. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे अमेरिकी कृषिमंत्री फ्रीमन यांच्याशी त्यांनी तसा समझोताही केला होता. पण दट्ट्यामागे दुसराही हेतू होता. व्हिएतनामवरील बॉम्बवर्षावाविषयी भारत जे बोलत होता ते जॉन्सन यांना खपत नव्हते. जुलै १९६६ मध्ये मॉस्कोत प्रसिद्ध झालेल्या संयुक्त पत्रकात इंदिरा गांधींनी बॉम्बफेक थांबविण्याची मागणी केली आणि जहाजांची गती आणखी मंदावली. त्याच्या महिनाभर आधी रुपयाचे अवमूल्यन करून इंदिरा गांधींनी घरच्यांचा रोष पत्करला होता. त्या बदल्यात अपेक्षिलेली मदतही पुरेशी आली नाही.

या काळातील बोल्स यांची स्थिती विलक्षण होती. सकाळी ते वॉशिंग्टनला तारा पाठवून विनवीत, की भुकेल्या माणसाला रांगेत ताटकळत ठेवून मैत्री मिळत नाही. आणि दुपारी भारतीय पुढाऱ्यांना त्याच वॉशिंग्टनची बाजू समजावून सांगत. अध्यक्षांना ते भारताचे वकील वाटू लागले आणि भारतीय डाव्यांना अमेरिकेचे गोडबोले हस्तक. भारतातील काही संस्थांना अमेरिकी गुप्तहेर खात्याचा पैसा मिळत असल्याचे १९६७ मध्ये उघड झाले, तेव्हा त्यांची कुचंबणा वाढली. त्याच वर्षी ६ मार्चच्या संध्याकाळी स्टॅलिनची कन्या स्वेतलाना अमेरिकी वकिलातीच्या दारात येऊन उभी राहिली. कालाकांकरच्या ब्रजेश सिंग यांच्या अस्थी घेऊन ती भारतात आली होती आणि तिला रशियात परत जावयाचे नव्हते. बोल्स यांनी वॉशिंग्टनच्या आदेशाची फार वाट न पाहता तिला त्याच रात्री रोमच्या विमानात बसविले. भारत सरकारला हे आवडले नाही. पण भारतावर प्रेम करणारा हा माणूस निर्णयाच्या क्षणी आपल्या देशाचा राजदूत होता, हे त्या रात्री स्पष्ट झाले. तसे ते असावयासही हवे होते. परक्या राजदूताकडून आपल्या राष्ट्राने यापेक्षा वेगळी अपेक्षा करणे म्हणजे भाबडेपणा.

दुष्काळाच्या त्या मानहानीतून एक चांगले निपजले. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले. १९६८ मध्ये गव्हाचे उत्पादन एक कोटी ६५ लाख टनांवर गेले. अमेरिकी प्रतिष्ठानांच्या पैशांतून झालेले संशोधन, नॉर्मन बोरलॉग यांच्यासारखा शास्त्रज्ञ, भारतीय कृषिशास्त्रज्ञांची जिद्द आणि पंजाब-हरियाणातील शेतकऱ्यांचे श्रम यांचे हे फळ होते. दोन लोकशाह्यांची खरी भागीदारी शोधावयाची तर ती या गव्हाच्या शेतात सापडते. तेथे कोणी कोणाला दारात उभे केले नव्हते. एकाकडे बी होते, दुसऱ्याकडे जमीन आणि मनगट.

अखेरची वर्षे

एप्रिल १९६९ मध्ये बोल्स निवृत्त होऊन परतले. कंपवाताने त्यांचे शरीर पोखरायला आधीच सुरुवात केली होती. १९७१ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिले. त्याचे नाव रॉबर्ट फ्रॉस्ट यांच्या एका कवितेची आठवण देते. त्याच कवितेच्या ओळी नेहरू आपल्याजवळ लिहून ठेवीत. पाळावयाची राहिलेली वचने हा त्या नावाचा आशय. ज्या वर्षी ते प्रसिद्ध झाले त्याच वर्षी भारताने रशियाशी मैत्रीचा करार केला आणि बांगलादेशाच्या युद्धात अमेरिकेचे एंटरप्राइझ हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे निघाले. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तारापूरच्या इंधनाचा वाद उभा राहिला. १९७८ मध्ये केलेल्या नव्या कायद्याकडे बोट दाखवून अमेरिकेने जुन्या करारातून अंग काढून घेतले आणि १९८२ मध्ये ती जबाबदारी फ्रान्सवर सोपविली गेली. आयुष्यभर ज्या मैत्रीसाठी झटले तिची ही अवस्था पाहत २५ मे १९८६ रोजी कनेक्टिकटमधील एसेक्स येथे बोल्स यांचे निधन झाले.

त्यांच्या दिल्लीतील कार्यालयात रिचर्ड सेलेस्ट नावाचा एक तरुण मदतनीस होता. हाच तरुण पुढे ओहायोचा गव्हर्नर आणि १९९७ मध्ये भारतातील अमेरिकी राजदूत झाला; १९९८ च्या अणुचाचण्यांनंतरचे कठीण दिवस त्याने पाहिले. त्यानंतर वारे फिरले. जुलै २००५ चे संयुक्त निवेदन, ऑक्टोबर २००८ चा नागरी अणुकरार आणि २०१६ ते २०२० या काळातील संरक्षणविषयक समझोते यांनी, बोल्स यांना जे साधले नव्हते ते कागदावर साधले. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये, रशियाकडून तेल घेतल्याचे कारण दाखवून अमेरिकेने भारतीय मालावर जादा आयातशुल्क लादले आणि एकूण भार ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा महिन्या-महिन्याच्या त्या गव्हाच्या जहाजांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. पुढच्याच महिन्यात चंडीगड येथे हवाई दलाने अखेरच्या मिग-२१ विमानांना निरोप दिला. ओझरचा एक अध्याय संपला. ज्या कारणाने तो सुरू झाला होता ते कारण मात्र संपले नव्हते.

ते कारण असे की, मदत देणाऱ्याला मोबदल्यात आज्ञाधारकता हवी असते आणि लोकशाही राष्ट्राला नेमकी तीच देता येत नाही. त्याचे सरकार उद्या मतदारांपुढे उभे राहावयाचे असते. दोन लोकशाह्यांची भागीदारी टिकावयाची तर दोघींनीही एकमेकींच्या मतदाराचा मान राखला पाहिजे. बोल्स यांना हे कळले होते. भारताच्या स्वतंत्र बाण्याकडे त्यांनी अपराध म्हणून पाहिले नाही; अमेरिकेच्या हिताचीच ती हमी आहे असे ते मानीत. त्यांचे दुर्दैव असे की, हे त्यांना परक्यांना पटवावे लागले नाही, स्वकीयांनाच पटवावे लागले.

भारतीयांनीही या चरित्रातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सज्जन राजदूताच्या सदिच्छेवर परराष्ट्रधोरण उभे करता येत नाही. बोल्स यांच्याइतका हितचिंतक वकिलातीत असतानाच विमानांचा नकार आला आणि गव्हाची जहाजे अडली. भारताची मान ताठ झाली ती त्या जहाजांमुळे नव्हे. ती १९६८ च्या सुगीमुळे झाली. स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या दोघांतच भागीदारी होते. एक उभा आणि एक वाकलेला असेल, तर त्या नात्याला दुसरे नाव द्यावे लागते. बोल्स यांनी भारताला उभे राहण्यासाठी हात देऊ केला होता. त्या हाताचे ऋण मानावे, आणि उभे आपल्याच पायांवर राहावे.